सहीपुरते प्रमुख

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी मिळून महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. नांदेडचे शंकरराव आणि अशोकराव चव्हाण, लातूरचे शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. त्यामुळे इकडे कुणाला खुर्चीचं अप्रूप नसेल, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. ते खोटं आहे. खुर्ची कुठलीही असो, बसणाऱ्याला आम्ही फेटा बांधतोच. सोसायटीचा चेअरमन, गणेश मंडळाचा खजिनदार, पाणीपुरवठा समितीचा सदस्य, सगळ्यांना एकच फेटा आणि एकच शाल. शाल तर बहुधा तीच फिरत असते. यंदा ती आमच्या कॉलेजच्या नव्या विज्ञान विभागप्रमुखांच्या खांद्यावर आली.

आमचं कॉलेज लातूर-नांदेड रस्त्यावर आहे. अहमदपूरच्या अलीकडे की पलीकडे, ते सांगत नाही. सांगितलं तर उद्या मलाच खुलासा द्यावा लागेल. या जागेचा गुण असा, की आमची हुशार पोरं लातूरला जातात आणि आमच्या फायली नांदेडला जातात. फायली परत येतात. मी इथं मराठी शिकवतो. आमची स्टाफरूम आणि विज्ञानाची इमारत यांच्यामध्ये एक कडुलिंब आणि सायकल स्टँड एवढंच अंतर. त्यामुळे तिकडचं सगळं दिसतं, ऐकू येतं, आणि रसायनाचं प्रात्यक्षिक असलं की नाकालाही कळतं.

नेमणूक झाली ते सर भौतिकशास्त्राचे. तसे विभागप्रमुख ते पूर्वीही होते, कारण त्या विभागात कायम नोकरीत ते एकटेच. रजेचा अर्ज तेच करत, 'शिफारस करण्यात येत आहे' असा शेराही तेच मारत, आणि एकदा तर शिफारस नाकारण्याचा विचार त्यांच्या मनात आला होता म्हणे. रसायनशास्त्रात एकट्या मॅडम, प्राणिशास्त्रात एक सर, वनस्पतिशास्त्रात निवृत्तीला टेकलेले एक. बाकी सगळी मंडळी तासिका तत्त्वावर. ती तास संपला की दुसऱ्या कॉलेजच्या तासाला मोटारसायकलवर पसार. संस्थेच्या एका बैठकीत कुणाच्या तरी लक्षात आलं की इथं प्रमुखच प्रमुख आहेत, विभाग कुठंच नाही. मग ठरलं: सगळं मिळून एक विज्ञान विभाग आणि त्यावर एक प्रमुख. पदाला भत्ता नाही, तासांत सूट नाही, हाताखाली माणूस नाही. आदेशात 'तात्काळ प्रभावाने' हे शब्द मात्र ठळक टाइपात.

सत्काराला सगळे बोलले. रसायनाच्या मॅडम म्हणाल्या, "सर सर्वांना बरोबर घेऊन चालतील अशी खात्री आहे." आमच्याकडे भाषणात खात्री आहे असं कुणी म्हणालं की समजावं, बरोबर यायचा विचार नाही. प्राणिशास्त्राचे सर म्हणाले, आमचं सहकार्य राहीलच, फक्त आमच्या कपाटाला हात लावू नका. सर उत्तरादाखल उभे राहिले आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमावर एक विनोद केला. भौतिकशास्त्राच्या तासिका तत्त्वावरचा मुलगा तेवढा हसला. त्याचं नूतनीकरण जुलैत होतं.

खरं नाट्य चार्ज घेताना सुरू झालं. चार्ज म्हणजे चाव्यांचा जुडगा आणि डेड स्टॉक रजिस्टर. जुडग्यात चाव्या पुष्कळ आणि कुलपं कमी. कुठली चावी कशाची, हे प्रयोगशाळेच्या मामांना ठाऊक. ते नोकरीला लागले तेव्हा हे सर बारावीत याच बाकांवर होते, आणि ही गोष्ट मामा आठवड्यातून एकदा कुणाला तरी ऐकू जाईल अशा बेतानं सांगतात. सर एकेक चावी लावून बघत होते. मामा दाराला टेकून शांत.

"मामा, ह्या कपाटाची कुठली?"

"त्या कपाटाला चावीच न्हाई, सर. त्येला ढोपर लागतंय."

मामांनी ढोपर लावलं. कपाट उघडलं. आत एक स्पेक्ट्रोमीटर, दोन ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप आणि मामांचा जेवणाचा डबा. स्पेक्ट्रोमीटरवर अंबाल्याच्या कारखान्याची पट्टी. आमच्या भागातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत जा, निम्मं विज्ञान अंबाल्याहून आलेलं असतं. हरयाणातलं हे गाव मुलांना नकाशात दाखवता येणार नाही, पण त्याचं नाव त्यांनी भिंगातून इतक्यांदा वाचलेलं असतं की वाटावं, प्रकाशाचा शोध तिथंच लागला.

डेड स्टॉक रजिस्टर हा ग्रंथ मी मराठीचा माणूस म्हणून आवडीनं चाळला. आमच्या विभागात डेड स्टॉक नाही, आम्हीच आहोत. या रजिस्टरात मात्र काय नाही! १९७२च्या दुष्काळाच्या आसपासच्या नोंदी निळ्या शाईत, सुंदर वळणाच्या अक्षरात. 'तराजू (भौतिक), पेटीसह, एक.' 'बेडूक (मोठा), बरणीत, एक.' पुढं कुणीतरी लाल शाईनं लिहिलंय, 'बरणी आहे.' बेडकाचं काय झालं याबद्दल रजिस्टर गप्प. विच्छेदनाच्या मेण लावलेल्या ट्रे तर पानभर. यूजीसीनं २०१४मध्ये पदवीच्या वर्गात प्राणी कापणं बंद केलं, त्यामुळे त्या वापरायच्या नाहीत. पण त्या धडधाकट आहेत, म्हणून मोडीत काढायच्या नाहीत. मोजायच्या मात्र दरवर्षी, तीस जूनच्या आत. सरांनी पहिल्याच महिन्यात मोजल्या. एक कमी भरली. ती ऑफिसात सापडली. क्लार्कसाहेब तीत टाचण्या ठेवत होते आणि ट्रे परत मागितल्यावर त्यांनी लेखी मागणीपत्र मागितलं.

डिस्टिल्ड वॉटरचं गूढ वेगळंच. कॅन येतो तेव्हा रसायनशास्त्राचा असतो, आणि वीज जायला लागली की त्याच्यावर सगळ्या शाखांचा हक्क निर्माण होतो. एरवी ज्यांना रसायनशास्त्राचा तिटकारा, तेही एप्रिलमध्ये बाटली घेऊन हजर, कारण घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला तेच पाणी लागतं. पाण्याचा विषय आमच्याकडे हसण्यावारी न्यायचा नसतो. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, जवळपास पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात ब्युरेट धुण्यावरूनही भांडणं झाली होती. नव्या प्रमुखांनी कॅनला कुलूप लावलं. त्याची चावी मामांकडे दिली. त्यानंतर पाणी कमी होतंच, पण आता नोंद होऊन.

सरांना सगळ्यात जड गेलं ते सरहद्द ओलांडणं. भौतिकशास्त्राचा माणूस रसायनाच्या प्रयोगशाळेत शिरला की तिथली टेबलंसुद्धा त्याच्याकडे परक्यासारखी बघतात. पहिल्या फेरीतच किपच्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड चाललेला होता. सर रुमाल लावून दारातच थांबले. "मॅडम, इतका वास धोक्याचा नाही का?" मॅडम म्हणाल्या, "वास येतोय तोवर घाबरू नका सर. या वायूचं प्रमाण फार वाढलं की नाकाची जाणीवच मरते. वास यायचा थांबला की पळा." यातलं नाक बधिर होण्याचं शास्त्रानं तंतोतंत खरं आहे. सरांना ते इतकं पटलं की त्यांनी ते संस्थेच्या बैठकींनाही लावून बघितलं: अध्यक्ष रागावून बोलतायत तोवर ठीक, गोड बोलायला लागले की बदलीचा अर्ज काढावा.

पण या पदाचं मर्म मला जे दिसलं, ते सहीत. विभागप्रमुख म्हणजे असा माणूस, ज्याच्या सहीवाचून कुणाचंच चालत नाही आणि ज्याच्या मतावाचून सगळ्यांचं चालतं. खरेदी काय करायची हे संस्था ठरवते, कुणाला नेमायचं हेही संस्था ठरवते, वेळापत्रक ऑफिस आणि देव मिळून ठरवतात. सही प्रमुखाची. काही बिघडलं तर कागद काढून दाखवायला बरी पडते.

सरांची मूळ सही देखणी होती. नाव, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, आडनाव, खाली रेघ आणि रेघेवर दोन टिंबं. सत्काराच्या दिवशीच्या पानावर ती पूर्ण आहे. मग प्रात्यक्षिक परीक्षा आली आणि जर्नलांचे गठ्ठे आले. अकरावी-बारावी आणि बीएस्सी आमच्याकडे एकाच इमारतीत, त्यामुळे गठ्ठेही एकाच टेबलावर. प्रत्येक जर्नलच्या पहिल्या पानावर दाखला: अमुक विद्यार्थ्यानं इतके प्रयोग समाधानकारकरीत्या पूर्ण केले. त्याखाली प्रमुखाची सही. पहिल्या गठ्ठ्यात टिंबं गळली. दुसऱ्यात रेघ गेली. तिसऱ्यात वडील गेले. संध्याकाळी मी चहाला बोलवायला गेलो तेव्हा सर पेन कागदावर नुसतं टेकवून उचलत होते, आणि उमटत होतं ते आडनाव आहे की ज्या धारेचा आलेख काढायचा राहिला तिची सुरुवात, हे सांगणं कठीण. एक जर्नल उघडून मी बघितलं. दोलकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.८ आलं होतं. पुढच्यातही ९.८. त्याच्या पुढच्यातही.

"सर, एकही पोरगं चुकत नाही?"

"चुकतं ना. पण जर्नलमध्ये नाही."

एका जर्नलात मात्र ११.४ होतं. सरांनी ते बाजूला काढलं, पोराला बोलावलं आणि विचारलं, हे कसं आलं? पोरगं घाबरून म्हणालं, "सर, मी खरंच मोजलं." त्या दिवसात सरांनी एकच पूर्ण सही केली, रेघ आणि टिंबांसह. ती त्या जर्नलवर आहे. बहिःस्थ परीक्षकांनी नेमका त्यालाच तोंडी परीक्षेत धरला आणि दोरीची लांबी कुठून कुठपर्यंत मोजायची असते, हे विचारून घाम फोडला. गोळ्याच्या मध्यापर्यंत, हे त्याला त्या दिवशी कळलं. बाकीच्यांना अजून कळलेलं नाही, त्यांचं ९.८ आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाबद्दल फार लिहीत नाही. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे कप्पे झाल्यापासून प्राणिशास्त्राची मुलं माझ्याकडे ओव्या शिकायला येतात आणि माझी दोन मुलं गांडूळखताला जातात. वेळापत्रक जमवताना सरांनी त्यावर बीजगणित लावून पाहिलं. समीकरणं कमी आणि अज्ञात राशी जास्त निघाल्या. शेवटी मामांनी सांगितलं की बुधवारी दुपारी प्रयोगशाळा रिकामी असते, आणि वेळापत्रक बसलं.

लातूरचं ओझं वेगळं. 'लातूर पॅटर्न' हे दोन शब्द आमच्या पालकांच्या तोंडात ॐकारासारखे. राजर्षी शाहू आणि दयानंद या कॉलेजांची बोर्डाची गुणवत्ता यादी ज्यांनी पेपरात वाचली, ते आता आजोबा झाले. यादीही बंद झाली. पण पॅटर्न आहेच. पूर्वी तो बारावीच्या टक्क्यांवर चालायचा, आता नीटच्या ७२० गुणांवर. मुळात त्यात जादू नव्हती. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग परीक्षा, परत परीक्षा, आणि परत तीच परीक्षा. फेटा बांधलेल्या आमच्या सरांकडे पालक येतात आणि विचारतात, "सर, आपल्याकडं बी तसला पॅटर्न सुरू करा की." सर म्हणतात, करू. पालक खूश होतात आणि जाताना पोराचा दाखला मागतात, कारण त्याला लातूरला टाकायचंय. दाखल्याच्या अर्जावर विभागप्रमुखाची सही लागते.

एक गोष्ट मी सरांना मुद्दाम सांगत असतो. राजर्षी शाहूचे संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे. कॉलेज १९७०चं. भौतिक-रसायन-जीवशास्त्रासाठी पोरं जिथं रांगा लावतात, त्या कॉलेजचे हे प्राचार्य विषयानं इंग्रजीचे! अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक. तिथून ते नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, पुढं लातूरचे नगराध्यक्ष, राज्यसभेचे खासदार. तात्पर्य, विज्ञान नीट चालायचं तर वर भाषेचा माणूस हवा. हे मी ऐकवलं की सर जुडगा माझ्यापुढं सरकवतात. "मग घ्या चार्ज." मी विषय बदलतो.

आणि नांदेड. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ तिथं विष्णुपुरीला झालं ते १९९४ सालच्या १७ सप्टेंबरला, म्हणजे मुक्तिसंग्राम दिनालाच. त्याआधीची फाइल औरंगाबादला जायची आणि घेऊन जाणारा मुक्कामी राहायचा, त्याला भत्ता मिळायचा, बीबी का मकबराही बघून व्हायचा. आता सकाळी जाऊन रात्री परत येता येतं, म्हणून भत्ताही गेला. ज्यांचं नाव विद्यापीठाला आहे ते स्वामीजी स्वतः शिक्षक. हिप्परग्याला, मग अंबाजोगाईला मुख्याध्यापक होते, आणि तिथून उठून निजामाविरुद्ध उभे राहिले. मला वाटतं मुख्याध्यापकी केलेल्या माणसाला निजामाची फार भीती उरत नसावी.

सर पहिल्यांदा प्रमुख म्हणून तिथं निघाले ते इस्त्रीच्या कपड्यात, फाइल छातीशी धरून. एसटीत जागा मिळाली ती मागच्या चाकावरची. लोह्यापर्यंत फाइल मांडीवर, पुढं डोक्यावर. खिडकीशी पोचल्यावर कळलं की सगळीकडे सरांची सही आहे, पण प्राचार्यांचा गोल शिक्का नाही. चूक तिथल्या कुणाची नव्हती. शिक्का आमच्याच ऑफिसच्या कपाटात होता, आणि त्या कपाटाची चावी सरांच्याच खिशातल्या जुडग्यात. बाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, "काय करायलेत सर? कुठं सोडू?" सर म्हणाले, गुरुद्वारा. सचखंड हजूर साहिबच्या लंगरमध्ये ते पंगतीला बसले. वाढणाऱ्यानं पोळी पुढं केली आणि नाव, पद, संदर्भ क्रमांक काहीच विचारलं नाही. सर दोनदा डाळ घेऊन उठले. पुढच्या वेळी त्यांनी शिक्का सोबत नेला, आणि तो नेल्याबद्दल ऑफिसनं त्यांना खुलासा विचारला.

कॉलेजांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकचं तर सात निकषांचं सप्ताहपारायणच. झालेल्या प्रत्येक गोष्टीचा फोटो हवा, आणि त्या फोटोवर अक्षांश-रेखांश हवेत. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन. सर रामन परिणामावर खरोखर सुंदर बोलत होते, १९२८ची ती प्रयोगशाळा, ती साधी उपकरणं. बोलता बोलता समुद्र निळा का दिसतो, या प्रश्नापाशी आले. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मोबाइल ठेवून ऐकायला लागली. तेवढ्यात समितीतला एकजण पुढं वाकून म्हणाला, "सर, जिओटॅग आला नाही, परत एकदा हात वर करा." सरांनी हात वर केला. समुद्राचा रंग पुढच्या वर्षावर गेला.

आता ज्या प्रकरणात मी स्वतः अडकलो ते सांगतो. मोडकी उपकरणं रजिस्टरातून काढायची तर निर्लेखन समिती लागते, आणि तीत एक सदस्य विभागाबाहेरचा. निःपक्षपाती म्हणून मला घेतलं. टेबलावर एक गॅल्व्हानोमीटर. मी काय बघायचं? "काटा हलतो का ते बघा," सर म्हणाले. तार जोडली, प्रवाह सोडला. काटा शून्यावर. चष्मा पुसून बघितला. शून्यावर. मी खात्रीनं लिहिलं, 'प्रस्तुत सदस्यास काटा निश्चल आढळला.' मॅडमनी सही केली, प्राणिशास्त्राच्या सरांनी आमच्या कपाटाचं नाही ना एवढं विचारून सही केली. मामांनी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला. काटा तीसपर्यंत गेला आणि परत आला.

सगळे गप्प. सरांनी टेबलावर थाप मारली. काटा वीस. मॅडमनी मारली. पस्तीस.

"आता ह्ये चालतंय म्हणायचं का न्हाई?" मामांनी विचारलं.

वीज दिली तर हलत नाही, धक्का दिला तर हलतो. मी 'अंशतः कार्यरत' असा शेरा सुचवला, तो माझ्या विषयातला होता. ऑफिसनं कागद परत पाठवला. नमुन्यात दोनच रकाने आहेत, चालू आणि बंद. फेरतपासणीची तारीख ठरेपर्यंत उपकरण विभागप्रमुखांच्या ताब्यात ठेवावं, असा आदेश निघाला. खाली अर्थातच सरांची सही.

सध्या तो गॅल्व्हानोमीटर सरांच्या टेबलावर आहे. कुणी 'अर्जंट आहे सर' म्हणत फाइल आपटली की सर आधी काट्याकडे बघतात. वीसच्या आत राहिला तर नुसतं पेन टेकवतात. तीसच्या वर गेला तर फाइल उघडून वाचतात, आणि मामांना सांगतात, दोन चहा आण, बसू दे त्यांना.